घरी बांधलेल्या स्पोर्ट्‌स कारसाठी शॉकअप: मापं, निवड, जोडणी आणि सेटिंग

घरी गाडी बांधताना शॉकअप घ्यायची घाई फार महागात पडते. चासीचे पाइप अजून टॅकवर (तात्पुरत्या वेल्डिंगच्या ठिपक्यांवर) असतात, चाकं कुठली लावायची ते ठरलेलं नसतं, आणि लाल स्प्रिंगवाला चार शॉकअपचा सेट मात्र घरात येऊन पडलेला असतो. मग त्या सेटच्या लांबीला जमतील तसे ब्रॅकेट मारले जातात आणि गाडी उभी राहिल्यावर एक तर पोट जमिनीला टेकतं, नाहीतर बाकड्यावर बसल्यासारखे हादरे बसतात. कंपनी चांगली असली म्हणून यातून सुटका होत नाही. शॉकअप तुमच्या गाडीच्या आकड्यांवरून निवडायचा असतो, आणि ते आकडे घरच्या घरी काढता येतात.

इथे उदाहरणाला लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश गाडीच्या धर्तीची गाडी धरली आहे: चौकोनी पाइपांची चासी, पुढे दुहेरी विशबोन (चाक धरणारे, इंग्रजी A च्या आकाराचे वरचा-खालचा असे दोन हात), मागे स्वतंत्र सस्पेन्शन, मारुतीचं इंजिन, चालकासह वजन ६०० किलो. तुमची गाडी वेगळी असली तरी रीत हीच.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. प्रोटोटाइप मान्यता नसलेल्या गाडीची आरटीओत नोंदणी होत नाही, म्हणजे तिला सोलापूरची एमएच १३ ची पाटी मिळणार नाही. ती खासगी जागेत मालकाच्या परवानगीने किंवा ट्रॅकवरच चालवायची. होटगी रोडवर रात्री ‘एक चक्कर’ मारायचा विचारही नको. विमा नसतो, आणि ब्रेक-सस्पेन्शनची अजून परीक्षा झालेली नसते.

पहिलं काम: वजन

इंजिन, गिअरबॉक्स, बॅटरी, टाकी, सीट सगळं आपापल्या जागी ठेवा. पक्कं बसवलेलं नसलं तरी चालेल, जागा मात्र बरोबर हवी. चालकाऐवजी सीटवर सिमेंटचं ५० किलोचं पोतं आणि तांदळाचा २५ किलोचा कट्टा ठेवा. आता चार चाकांखाली चार काटे लागतील. मार्केट यार्डात कांदा आणि धान्य तोलायला असतात तसे ३०० किलोपर्यंतचे इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटे यासाठी उत्तम. ओळखीच्या आडत्याकडून सुट्टीच्या दिवशी मागून आणता येतात. चारच मिळाले पाहिजेत असंही नाही. एकच काटा असेल तर बाकी तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या ठेवून एकेक चाक मोजा. चारही टेकू एका पातळीत आहेत का ते गवंड्याच्या लेव्हल पाइपने तपासा. ५ मिमीचा फरकसुद्धा आकडे बिघडवतो.

समजा, पुढच्या एका चाकावर १४० किलो आले. हे सगळं वजन स्प्रिंगवर नसतं. टायरसकट चाक, हब, डिस्क आणि कॅलिपर यांचं पूर्ण वजन, आणि विशबोन व शॉकअप यांचं निम्मं वजन त्यातून वजा करायचं. अंदाज करू नका, काट्यावर ठेवून मोजा. छोट्या मारुतीचे भाग वापरले तर ही बेरीज २५ किलोच्या आसपास जाते. म्हणजे पुढच्या एका स्प्रिंगच्या वाट्याला ११५ किलो. मागे १६० मधून ३० गेले, उरले १३०.

दुसरं काम: मोशन रेशो

चाक १० मिमी उचललं तर शॉकअप १० मिमी दबत नाही. तो विशबोनवर आत कुठेतरी बसलेला आणि तिरका असतो, त्यामुळे ६ किंवा ७ मिमीच दबतो. हेच प्रमाण म्हणजे मोशन रेशो. पुढचं सगळं गणित यावर उभं आहे, आणि नवखे नेमकं हेच माप टाळतात.

मोजण्यासाठी खऱ्या शॉकअपची गरज नाही. २५ × ५ च्या दोन लोखंडी पट्ट्या घ्या. एकीत लांबट खाच पाडा, दोन बोल्टांनी दोन्ही जोडा, म्हणजे सरकणारा नकली शॉकअप तयार. चासी जॅक स्टँडवर ठरलेल्या उंचीला पक्की ठेवा. नकली शॉकअप वर चासीला आणि खाली विशबोनला जिथे लावायचा विचार आहे तिथे बोल्टने किंवा शिकंज्याने धरा. चाकाखाली जॅक लावून १०-१० मिमीने उचला आणि दर वेळी वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर लिहा. ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली, दोन्हीकडे मोजा.

समजा, सुरुवातीचं अंतर २९० मिमी होतं. चाक २० मिमी वर गेल्यावर ते २७७ झालं. म्हणजे १३ भागिले २०, रेशो ०.६५. आणखी २० मिमीने ते २६३.५ झालं, तर या टप्प्यात शॉकअप १३.५ मिमी दबला. चाक वर जाईल तसा रेशो किंचित वाढतोय, हे चांगलं लक्षण आहे, कारण सस्पेन्शन दबत जाताना कडक होत जाईल. उलट दुसऱ्या टप्प्यात १२ मिमीच दबला, तर शॉकअप जास्तच आडवा आहे. अशी गाडी मोठ्या खड्ड्यात एकदम खाली बसते. तेव्हा वरचा बोल्ट बाहेर घ्या आणि पुन्हा मोजा. ताकदीचा हिशोबही लक्षात घ्या: विशबोनच्या काटकोनापासून शॉकअप ३० अंश कलला तर स्प्रिंगचा पाऊण कडकपणा उरतो, ४५ अंशाला निम्माच.

स्प्रिंगचा आकडा

स्प्रिंगवर बसलेली गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली झुलते, त्यावरून कडकपणा ठरवतात. साध्या घरगुती कारला १ ते १.५ हर्ट्‌झ, हलक्या स्पोर्ट्‌स कारला १.६ ते २, आणि फक्त गुळगुळीत ट्रॅकसाठी २ च्या वर. सोलापूरच्या आसपास सरावाला मिळणारी जागा म्हणजे एखादं काँक्रीटचं आवार किंवा मुरूम दाबलेलं मैदान. तिथे २ च्या वर जाण्यात काही मिळत नाही. कडक म्हणजे स्पोर्टी हा समज सोडा. चाक उड्या मारत असेल तर टायर जमीन धरत नाही, आणि टायरने जमीन धरली नाही तर वळणात वेग कुठून येणार?

सूत्र सोपं आहे. चाकापाशी हवा असलेला कडकपणा, न्यूटन प्रति मिमीमध्ये = ०.०३९५ × स्प्रिंगवरचे किलो × हर्ट्‌झचा वर्ग.

पुढे १.८ हर्ट्‌झ धरू: ०.०३९५ × ११५ × ३.२४ = १४.७. हा चाकापाशीचा आकडा. स्प्रिंगचा काढायला त्याला मोशन रेशोच्या वर्गाने भागा: १४.७ ÷ ०.४२२५ = ३४.८. वर्गानेच भागायचं, कारण आत बसलेल्या स्प्रिंगचा जोरही कमी पोहोचतो आणि ती दबतेही कमी. ५.७१ ने गुणलं की पौंड प्रति इंच मिळतात, म्हणजे १९९. बाजारात २०० ची स्प्रिंग मिळते, ती घ्या. स्थानिक स्प्रिंगवाल्याला किलोत सांगायचं तर मिमीला साधारण ३.६ किलो.

मागे २ हर्ट्‌झ आणि रेशो ०.८ धरला तर चाकापाशी २०.५, स्प्रिंगला ३२. हा आकडा १७५ आणि २०० पौंडांच्या मधला आहे. १७५ घ्या, १.९५ हर्ट्‌झ मिळतात. मागचा आकडा पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवण्यामागे कारण आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला उशिरा. मागची बाजू जरा जलद झुलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी नाक-शेपूट हलवत राहत नाही.

स्प्रिंग आली की तपासून घ्या. छापलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक असू शकतो. लोखंडी चौकटीत खाली काटा, त्यावर स्प्रिंग, वर छोटा हायड्रॉलिक जॅक असं मांडा. आधी ३० मिमी दाबून काटा वाचा, मग आणखी २५ मिमी दाबा. २०० पौंडांच्या स्प्रिंगला या २५ मिमीत सुमारे ८९ किलो वाढले पाहिजेत. सुरुवातीचे काही मिमी धरू नका, टोकाचे वेढे तेव्हा बसत असतात. चौकटीला पुढून जाळी किंवा जाड फळी लावा. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात मोडतो.

लांबी

शॉकअपची पूर्ण उघडी लांबी आणि पूर्ण बंद लांबी, हे दोन आकडे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. उदाहरणाला उघडा ३३० आणि बंद २३०, म्हणजे चाल १०० मिमी. गाडी उभी असताना यातले सुमारे ६० मिमी दबायला आणि ४० मिमी उघडायला शिल्लक हवेत. म्हणजे उभ्या गाडीत बोल्टपासून बोल्टपर्यंत २९०. रेशो ०.६५ असल्याने चाकाला वर ९२ आणि खाली ६१ मिमी मिळतात. दबण्याच्या शेवटच्या १५-२० मिमीत रबरी बंप स्टॉपर टेकला पाहिजे. तो नसेल तर शॉकअप आतल्या आत ठोकर खातो आणि तळाची झडप फुटते.

आता स्प्रिंग किती दबेल ते पाहा. ११५ किलो म्हणजे ११२८ न्यूटन. ०.६५ ने भागले की स्प्रिंगवर १७३५ आणि ३५ ने भागले की सुमारे ५० मिमी. शॉकअप पूर्ण उघडला तरी त्यातले १० मिमी दबलेलेच राहतात, म्हणजे चाक हवेत गेलं तरी स्प्रिंग आपल्या सीटवरून (स्प्रिंगखालच्या, आट्यांवर फिरणाऱ्या कडीवरून) सुटत नाही. पूर्ण बंद झाला की स्प्रिंग ११० मिमी दबते. ८ इंची स्प्रिंग, म्हणजे २०३ मिमी, तेव्हा ९३ वर येईल. वेढ्याला वेढा टेकल्यावरची तिची लांबी ८५ च्या आत असली पाहिजे. वेढे आधी टेकले तर त्या क्षणी सस्पेन्शन संपतं आणि सगळा मार ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर येतो.

कुठला शॉकअप

मॅकफर्सन स्ट्रट बाजूला ठेवा. जुन्या मारुतीचा पुढचा स्ट्रट स्वस्तात मिळतो हे खरं, पण तो चाकाचा खांबही असतो. दुहेरी विशबोनमध्ये तो बसत नाही.

मोटारसायकलचे मागचे शॉकअप मोहात पाडतात. दोन शॉकअप मिळून एक चाक सांभाळतील अशा हिशोबाने ते बनवलेले असतात, स्प्रिंग बहुतेक वेळा बदलता येत नाही आणि आतलं तेलाचं गणित दुचाकीचं असतं. दीडशे-दोनशे किलोच्या एकआसनी गाडीला ते चालून जातात. ६०० किलोच्या गाडीला नकोत.

उरतो आटे असलेला, स्प्रिंग बदलता येणारा कॉइलओव्हर, म्हणजे भोवतीच स्प्रिंग बसवलेला शॉकअप. यात दोन जाती. ट्विन ट्यूबमध्ये नळीत नळी असते. तो स्वस्त असतो, बाहेरून चेपला तरी चालत राहतो, पण उलटा लावता येत नाही. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, आणि तरंगत्या पिस्टनमागे दाबाखालचा नायट्रोजन असतो. याचं तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने लवकर थंड होतं, आणि तो उलटाही बसतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. त्यात सलग फेऱ्या मारल्या की तेल पातळ होऊन शॉकअपचा विरोध कमी होतो, म्हणून पैसे पुरत असतील तर मोनोट्यूब घ्या. तो घरी उघडायचा मात्र नाही, आत २० बारपर्यंत दाब असू शकतो.

‘स्पोर्ट’ किंवा ‘हार्ड’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका, डायनोचा (शॉकअपचा विरोध मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा. आपल्या पुढच्या कोपऱ्याला दांडा सेकंदाला ०.१ मीटर वेगाने हलताना दाबाचा आणि ताणाचा सरासरी विरोध ४०० न्यूटनच्या आसपास हवा. त्यातही ताणताना सुमारे ५३० आणि दबताना २७०, कारण दबताना स्प्रिंगही विरोध करतेच, उघडताना मात्र तिने साठवलेला जोर शॉकअपलाच आवरायचा असतो. विकणाऱ्याकडे आलेखच नसेल तर दुसरीकडे बघा.

ब्रॅकेट आणि बोल्ट

शॉकअप हातात आला, लांबी मोजून पाहिली, की मगच ब्रॅकेट पक्के करा. ब्रॅकेट पाइपच्या मधोमध नको. दोन-तीन पाइप जिथे भेटतात त्या सांध्यावर हवा, नाहीतर पाइप वाकतो. पत्रा ४ मिमी. बोल्टला दोन्ही बाजूंनी कान हवेत, एकाच बाजूने लोंबणारा बोल्ट चालणार नाही. कानांमधलं अंतर बुशच्या (शॉकअपच्या टोकाच्या भोकातल्या नळीच्या) रुंदीपेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवा. जागा उरली तर लेथवर स्पेसर कातून घ्या. यंत्रमागाचे सुटे भाग करून देणाऱ्या लेथवाल्याला हे दहा मिनिटांचं काम आहे. चार वॉशर एकावर एक रचून भागवू नका.

बोल्ट एम १२, डोक्यावर ८.८ उठवलेला एचटी (हाय टेन्साइल). बुशच्या आत आणि कानांच्या भोकांत सपाट दांडा आला पाहिजे, आटे नव्हेत. आट्यांवर भार आला की भोक खाल्लं जातं आणि बोल्ट तिथूनच तुटतो. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला), दर वेळी नवा. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सुमारे ८० न्यूटन मीटर.

टॅक मारून झाल्यावर स्प्रिंग न लावता नुसता शॉकअप बसवा आणि चाक पूर्ण वर, पूर्ण खाली, स्टिअरिंग दोन्ही टोकांना असं सगळं फिरवून पाहा. शॉकअपची नळी विशबोनला घासते का? बुश एका बाजूला चेपतो का? ब्रेकचा होज ताणला जातो का? स्प्रिंगभोवती सगळीकडे किमान ६ मिमी मोकळी जागा आहे का? सगळं ठीक असेल तर शॉकअप काढून ठेवा आणि मग पूर्ण वेल्डिंग करा. शॉकअप जागेवर ठेवून वेल्डिंग केलं तर ठिणग्या क्रोमच्या दांड्यावर चिकटतात, पुढे तोच खडबडीत दांडा तेलसील फाडतो.

बसवताना

ट्विन ट्यूब आडवा ठेवलेला असेल तर उभा धरून सहा-सात वेळा पूर्ण दाबा-ओढा. आत शिरलेली हवा निघते आणि मधला पोकळ झटका जातो. आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. स्प्रिंग घाला, सीट हाताने वर आणा आणि स्प्रिंग डगमगणार नाही इतकीच फिरवा. सीट आणखी फिरवून स्प्रिंग कडक होते असं पुष्कळ जण मानतात. होत नाही. फक्त गाडी उचलली जाते.

रबरी बुश असेल तर बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून दाबून बसू द्या, आणि त्याच उंचीला शेवटचा टॉर्क द्या. गाडी स्टँडवर लटकत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. धातूच्या गोळीचा रॉड एंड असेल तर ही अडचण नाही, पण त्यावर धुळीसाठी रबरी टोपी हवीच.

उंची आणि कोपरे

गाडी पुन्हा काट्यांवर घ्या, चालकाच्या सीटवर पोती ठेवा, अँटीरोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डावं-उजवं सस्पेन्शन जोडणारा दांडा) असेल तर त्याची एक लिंक सोडा. टायरमधली हवा सारखी करा. आधी चारही उंच्या बरोबर करा. स्प्रिंगची सीट फिरवताना गाडी जॅकवर उचला, भाराखाली हुक पाना चालवला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. प्रत्येक फेऱ्यानंतर गाडी मागे-पुढे ढकलून आणि दाबून मगच वाचा.

उदाहरण: पुढे डावं १४४, उजवं १३६. मागे डावं १४८, उजवं १७२. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ३१६, दुसरा कर्ण २८४. म्हणजे ५२.७ टक्के एका कर्णावर, गाडी एका बाजूच्या वळणात चांगली आणि दुसऱ्या बाजूला घसरणार. पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या सीटला अर्धा-अर्धा फेरा वर द्या, उरलेल्या दोघींना तितकाच खाली. वाचा, पुन्हा करा, ५० टक्क्यांच्या अर्धा टक्का अलीकडे-पलीकडे आणा. डावी आणि उजवी बाजू मिळून जो फरक आहे तो सीट फिरवून जाणार नाही. त्यासाठी बॅटरी डावीकडे हलवावी लागते.

क्लिक

शॉकअपवर विरोध कमी-जास्त करायचा नॉब असेल तर तो हलक्या हाताने पूर्ण आवळा, तिथून उलटे मोजा. सुरुवात मऊ बाजूने करा, एका आक्सावरचे दोन्ही शॉकअप सारखे ठेवा, एका वेळी एकच गोष्ट दोन क्लिक बदला आणि वहीत लिहा. सोबत वेळ आणि ऊनही लिहा, सकाळी सहाचे क्लिक दुपारी दोनला तसेच लागत नाहीत.

उंचवट्यानंतर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा झुलत राहिली तर ताणाचा विरोध वाढवा. ओळीने बारीक उंचवटे आले की गाडी हळूहळू खाली बसत जाते, म्हणजे ताणाचा विरोध जास्त झाला, चाक परत खाली यायला वेळच मिळत नाही. छोट्या दगडावरही खाडकन झटका येत असेल तर दाबाचा विरोध कमी करा.

दांड्यावर एक बारीक झिप टाय सैलसर बांधा. फेरी मारून आल्यावर तो कुठवर सरकला यावरून शॉकअप किती दबला ते कळतं. दर फेरीत स्टॉपर टेकत असेल तर स्प्रिंग मऊ आहे. तीस मिमीच्या पुढे कधीच सरकत नसेल तर जास्त कडक आहे.

बोल्ट आवळल्यावर नटावरून ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पहिल्या वीस किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा, पुढे प्रत्येक वापराआधी नुसती रेघ जुळते का ते पाहा. पावसाळ्यात काळी माती आट्यांत आणि सीटखाली जाऊन बसते, वाळली की सीट जाम होते. ती त्याच दिवशी पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची धार तेलसीलवर मारू नका, दांडा ओल्या फडक्याने पुसा. नळीवर धूळ चिकटलेला ओलसर पट्टा दिसला तर सील गळतंय. तो शॉकअप उतरवा, आणि त्याच आक्सावरचा दुसराही त्याच्यासोबत तपासायला पाठवा.